लाल धाग्यांच्या गाठी

सुमनमावशी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी बोरिवलीच्या मंडईत पिशवी धरून उभा होतो. टोमॅटो शैला, म्हणजे माझी बायको, निवडत होती. आमच्याकडे कामाची ही वाटणी लग्नाआधीच झालेली आहे, आणि तिला कारण मावशीच... शेजारचे काका गर्दीतून वाट काढत आले. "मुलुंडहून फोन होता. मावशी झोपेतच गेल्या." शैलानं हातातला टोमॅटो परत ठेवला. मी पिशवीचं तोंड उघडं धरून तसाच उभा. वेळेवर मला कधी काही सुचलेलं नाही.

मावशी आईची धाकटी बहीण. मुलुंडच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायची. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "वर्गभर पोरी आहेत, आणखी कशाला?" गुणसूत्रांचा धडा ती लोकरीनं शिकवायची. वडिलांकडून आलेली गुणसूत्रं लाल, आईकडून आलेली हिरवी. त्यांच्या जोड्या जुळतात, मग फुटतात आणि प्रत्येक युग्मकात, म्हणजे बीजपेशीत, जोडीतला एकेकच धागा जातो. हे सगळं पुठ्ठ्याच्या तक्त्यावर चिकटवलेलं. मी तेव्हा पस्तिशी ओलांडलेला घोडनवरा. शैलाशी साखरपुडा नुकताच झाला होता. रविवारी मावशीकडे वालाची उसळ खायला जायचो आणि कात्री-डिंकाची हमाली करून ती फेडायचो. त्या वर्षी पेपर तपासायचे होते म्हणून तिनं अख्खा तक्ता माझ्यावर सोपवला. मी मन लावून केला. दुसऱ्या दिवशी वर्गात हशा पिकला. "बाई, या पेशीला आईच नाही!" पहिल्याच पेशीत मी दोन्हीकडून लाल चिकटवले होते.

मावशी हसली नाही. संध्याकाळी थेट बोरिवलीला आली, माझ्यापुढे लोकरीचे तुकडे टाकले आणि म्हणाली, "लाल वेगळे कर." मी केले. तिनं ढिगाकडे बघितलं, मग आईकडे. "ताई, बाबा कच्च्या मिरच्या पिकल्या म्हणून आणायचे, आठवतंय? तेच याला आलंय. तुझ्या हातून."

"म्हणजे माझ्यामुळे?" आईचे डोळे भरले.

"तू नुसती पोचवलीस गं."

तोवर घरात मी वेंधळा म्हणून प्रसिद्ध होतो. त्या एका संध्याकाळी माझा वेंधळेपणा निम्म्यावर आला. उरलेला निम्मा अस्सल माझा.

पण आई डोळे पुसून लगेच सावध झाली. "हे बाहेर बोलायचं नाही हं, सुमे. किती वर्षांनी जमलंय याचं."

"मोडायचं असेल तर आत्ता मोडू दे. लग्नानंतर कळलं तर ती पोरगी काय म्हणेल?"

पुढच्या रविवारी आम्ही घाटकोपरला, शैलाच्या घरी. मावशीच्या मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. मी पोहे चघळत होतो. मला लाल-हिरवं वेगळं ओळखता येत नाही, हे मावशीनं सांगून टाकलं. शैलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. "पुढे मुलांना होईल का हे?"

मावशीनं टीपॉयवर धागे मांडले. माझे दोन, एक लांब, एक आखूड. शैलाचे दोन्ही लांब. "दोष याच्या लांब धाग्यावर आहे. मुलगा होतो तेव्हा याच्याकडून आखूड धागा जातो. दोष मागेच राहतो."

"आणि मुलगी झाली तर?"

"तिला हा लांब धागा मिळणारच. पण जोडीला शैलाचा चांगला धागा असेल, तिला रंग दिसतील. मात्र पुढे तिच्या मुलाला... होईल किंवा नाही होणार. छापा-काटा. खोटं कशाला सांगू?"

मला वाटलं, वाट लागली. तेवढ्यात शैलानं दोन धागे उचलून माझ्यापुढे धरले. "यातला लाल कुठला?"

मी बोट दाखवलं. ती खळखळून हसली. "बाबा, भाजी मी आणीन. हे पिशवी धरतील."

त्यानंतर मावशी लाल धाग्यांच्या टोकाला गाठ मारूनच डबा माझ्याकडे द्यायची. बोटांनी चाचपून मी बिनचूक तक्ते करू लागलो. आमची मनू झाली तेव्हा तिला मांडीवर घेऊन मावशी म्हणाली, "आली ही पोचवणारी." निवृत्तीनंतरही तिचं गाठी मारणं चालूच. मी म्हटलं, "आता कुठला तक्ता करायचाय?"

"हिला मुलगा झाला आणि त्याला लागल्या, तर?"

दिवस-कार्य झाल्यावर तो डबा आमच्याकडे आला. परवा उघडला. काही धाग्यांना गाठी होत्या, बरेच तसेच राहिले होते... मनू, वय वर्षं पाच, मांडी घालून समोर बसली. झरझर लाल धागे निवडून माझ्या हातात देत गेली. मी गाठी मारत गेलो.