तात्यांची एक चूक

लासुर्ण्याचे वायरमन तात्या गाडीचं बॉनेट आधी कधी उघडत नसत. गाडीच्या मागे पालथ्या डब्यावर बसायचे आणि मालकाला फर्मावायचे, "लाव डावा इंडिकेटर." मागनं येणाऱ्याला जी दिसते तीच खरी गाडी, असं त्यांचं म्हणणं.

मी बारामतीहून इंदापूरकडच्या शाळेत रोज गाडीने जाते, निम्मा जीव त्या रस्त्यातच जातो. त्यात इंडिकेटरला एलईडी बसवून घ्यायची मला दुर्बुद्धी झाली, आणि डावा दिला की उजवाही मिणमिणू लागला. मागे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर असताना हा घोळ म्हणजे जिवाशी खेळ. दोन गॅरेजवाल्यांनी 'चालतंय की बाई' म्हणत वाटेला लावलं. मग वाटेवरच्या लासुर्ण्यात तात्यांकडे गेले.

त्यांनी नीट समजावलं. डॅशबोर्डवरचा बाणाचा दिवा दोन्ही बाजूंना मिळून एकच. डावीकडचा करंट त्यातून चोरून उजवीकडे जातो. जुने बल्ब एवढ्याशा करंटला दाद देत नसत, एलईडी लगेच लागतात. "गेलेला करंट दुसऱ्या दारानं भाईर पडू द्यायचा न्हाय बगा." त्यासाठी दोन्ही वायरींत एकेक डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा बारकासा तुकडा, घालायचा, त्याची पांढरी पट्टी बाणाकडे ठेवून, आणि बाणाची दुसरी बाजू गाडीच्या बॉडीला जोडायची.

मी टॉर्च धरला होता. पहिला डायोड बरोबर लागला. दुसऱ्याची, डाव्या वायरीतल्याची, पट्टी उलट्या बाजूला गेली. मला चांगलं दिसलं. पण एवढ्या जाणत्या माणसाला कसं सांगायचं, म्हणून गप्प राहिले.

डावा दिला. उजवा आता शांत होता, पण बाण लागेना. तात्यांनी डायोड काढून डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, नखाने चाचपला.

"बाई, पट्टी कुठल्या टोकाला हाय?"

मी सांगितलं.

"तुमाला मगाशीच दिसलं हुतं?"

"हो, तात्या."

त्यांनी डायोड माझ्या तळहातावर ठेवला. "म्हंजी आता लोक माझी चूक बगून गप बसाय लागले."

रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी मला पट्टी धरून दाखवायला लावली, डायोड सरळ बसवला, मागे जाऊन दोन्ही दिवे तपासले आणि मला जायला सांगितलं. संध्याकाळी परतताना त्यांचं शटर ओढलेलं होतं. ते पुन्हा उघडलं नाही; तात्यांनी काम सोडलं.

'तात्या, उलटा लागलाय' एवढंच तर म्हणायचं होतं. दिवसभर पोरांच्या वह्यांवर लाल शेरे मारणारी मी, तिथे माझी जीभ उचलली नाही.