दोन ठोके, एक टिचकी

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून स्वयंपाकघरात जाते. भीतीने नाही, कंटाळ्याने. माझे वडील जांभूळ गावचे कुंभार. आव्यात भाजताना मडकं तडकलं की बायका म्हणायच्या नजर लागली, आबा म्हणायचे माती कच्ची राहिली. तेच माझ्या अंगात मुरलं. म्हणून पुढचं लिहिताना लाज वाटते... मुलगी मासिकांत असले अनुभव वाचते, म्हणते, "आई, तूही लिहून पाठव." मी चौथी शिकलेली. पाठवीन की नाही माहीत नाही, पण लिहून ठेवते.

आमचं गॅरेज उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. मी गॅरेजात कधी पुढे येत नसे. गिऱ्हाईक असलं की पत्र्याच्या दाराआडून चहाची किटली सरकवायची, एवढंच.

नव्वदनंतर नव्या गाड्या यायला लागल्या. त्यांच्या नळीत सायलेन्सरच्या आधी धूर साफ करणारा एक डबा असतो, कन्व्हर्टर. यांनी एकदा एक निकामी डबा कापून मला दाखवला. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकं, आणि ते पोळं चक्क भाजलेल्या मातीचं.

"बघ, तुझ्या माहेरचा माल," हे म्हणाले.

माठ घेताना मारतो तशी मी टिचकी मारली. "तडकलाय हा."

"बघितल्याशिवाय?"

"आवाज बद्द येतोय की."

हे कितीतरी वेळ हसत होते. पण त्या दिवसापासून आमची रीतच पडली. हे गाडीखाली पुठ्ठ्यावर आडवे होऊन पान्याने डब्यावर दोन ठोके मारायचे. मी दाराआडून ऐकायचे. डबा चांगला असेल तर पत्र्यावर एक टिचकी. खराब असेल तर गप्प राहायचं. गिऱ्हाइकाला पत्ता लागत नसे. चारचौघांत यांच्याशी मोकळं बोलणं मला जन्मात जमलं नाही... तेवढ्या ठोक्यांतून मात्र आम्ही बोलायचो.

शेवटची गाडी आली ती एका कापडवाल्या सिंधी शेठची. पांढरी, इंजेक्शनवाली. "उस्ताद, खींचती नहीं, और पेट्रोल ऐसे पीती है जैसे लस्सी," शेठ म्हणाले. दोन ठोके आले. खणखणीत. मी एक टिचकी मारली. मग यांनी डब्याच्या आधी नळीत बसवलेल्या सेन्सरच्या वायरला मीटर लावला. इंजिन चालू असताना त्या मीटरवरचा आकडा खाली-वर नाचायला हवा, तो एका जागी थिजला होता. ड्रायव्हरने कुठल्यातरी पंपावर शिशाचं साधं पेट्रोल भरलं होतं, त्याने सेन्सर मरतो.

"डबा चांगला आहे, शेठ. सेन्सर गेलाय. नवा मागवतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता हे गेले. हार्ट.

महिनाभर गॅरेज बंद होतं. शेठ भला माणूस, गाडीसाठी एकदाही निरोप पाठवला नाही. मग माझे दीर, रमेश, अंबरनाथहून आले. कारखान्यात लागण्याआधी यांच्याच हाताखाली शिकलेले. त्यांनी नवा सेन्सर बसवला. आकडा नाचायला लागला, पण गाडी काही ओढेना. सेन्सर पुन्हा काढला, तर त्या भोकातून धूर सुटला आणि इंजिन मोकळं झालं.

"म्हणजे पुढे चोंदलंय," रमेशभाऊजी म्हणाले. "डबाच."

दुसऱ्या दिवशी दुपारी शेठ आले. सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, "पहली बार उस्ताद से गलती हुई. जाने दो, आदमी की तबीयत ठीक नहीं होगी."

त्यांनी मायेनेच म्हटलं. पण ते "जाने दो" माझ्या काळजात रुतलं. यांचा शेवटचा शब्द खोटा ठरत होता. आणि तो शब्द माझ्या टिचकीवर दिलेला होता.

"जेवण झालं की डबा उतरवतो," भाऊजी म्हणाले, "आणि सळईने आतलं फोडून रिकामा करतो. सगळे तेच करतात."

मी पहिल्यांदा दाराबाहेर आले. "भाऊजी, आधी एकदा ठोकून बघा ना."

"ठोकून? वहिनी, मडकं आहे का ते?" मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचं हसू गेलं. "बरं. जेवतो, मग ठोकतो." ते हात धुवायला नळावर गेले. शेठ स्टुलावर बसून चष्मा पुसत होते. मी दाराला टेकून उभी.

गाडीखालून दोन ठोके आले.

दोन ठोक्यांच्या मधली ती जागा... ती मला ठाऊक होती. माझं बोट आपोआप पत्र्यावर गेलं. एक टिचकी. मग पुन्हा दोन ठोके, पण मागून, बंपरच्या खालून. आणि ते बद्द. मी गप्प राहिले.

"रमेश," शेठ म्हणाले, "तू उधर है, तो नीचे कौन ठोक रहा है?"

भाऊजी ओल्या हातांनी वळले. आम्ही तिघांनी वाकून पाहिलं. खाली यांचा पुठ्ठा होता, तेलाने काळा झालेला. बाकी काही नाही.

"मागची नळी बघा," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला.

"तिथे काय बघायचं? बोळा मीच काढला की." आमच्याकडे घुशी फार. गाडी उभी राहायची असली की हे मागच्या नळीत चिंध्यांचा बोळा कोंबायचे. पुटपुटत का होईना, भाऊजींनी तारेचा आकडा करून आत घातला. बराच वेळ खरडलं. नळीचं तोंड कुठेतरी आपटून चेपलं होतं, त्याच्यामागे आत सरकलेला दुसरा बोळा अडकून बसला होता. काळाठिक्कर. उलगडला तर एक कोपरा अजून हिरवा होता. माझ्या जुन्या पातळाचा. चिंध्या मीच फाडून द्यायचे यांना.

शेठ चक्कर मारून आले. "मक्खन," म्हणाले. मग पुठ्ठ्याकडे बघून, "उस्ताद सही था."

जेवताना भाऊजी म्हणाले, "वहिनी, लोखंड थंड होताना टकटक करतं."

"गाडी काल संध्याकाळपासून बंद होती, भाऊजी."

त्यांनी भात कालवायला घेतला.

आता गॅरेज नाही. मी बदलापूरला मुलीकडे असते. यांनी तो दुसरा बोळा कोंबताना मी कधी पाहिलं असेल, मनात राहिलं असेल, असं मुलगी म्हणते. असेलही. पण मग शेठनी काय ऐकलं? भीती तर तेव्हाही वाटली नव्हती. एकच सल आहे. हे आले ते गाडीसाठी आले. माझ्यासाठी एक वेगळा ठोका मारला असता, तर काय बिघडलं असतं...

दुपारी घरात कुणी नसलं की मी माठावर बोटाने दोन ठोके मारते. आतलं पाणी हलतं. ते निवांत होईपर्यंत कान लावून उभी राहते.