भिंतीवरचं बटन

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. कुलरच्या टाकीत क्षार साचतो तसे ते साचत जातात, आणि टाकी उघडेपर्यंत किती साचले ते कळत नाही. रायपूरला, भनपुरीकडच्या आमच्या कॉलनीत रोज सकाळी वानखेडेभाऊंच्या ओट्यावर चहा व्हायचा. भाऊ एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. रिटायर झाल्यावर अख्ख्या कॉलनीची वीज वाचवणं हेच त्यांचं काम झालं. आता चहा माझ्या ओट्यावर होतो, आणि दुसऱ्या घोटाला कोणीतरी म्हणतंच, "भाऊ असते ना..."

*

एकदा सगळे आमच्याकडे मॅच बघायला जमले. आपण हरलो. मी चिडून रिमोटनं टीव्ही बंद केला. भाऊ जागचे हलेनात.

"बंद नाही झाला तो."

"झाला ना भाऊ!"

"मंग लाल लाइट काहून दिसून राहिला? लाल लाइट आहे तोवर जीव आहे त्याच्यात. करंट खाऊन राहिला तो. भिंतीवरचं बटन दाबा!"

मी दाबलं. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत नुसत्या रिमोटवर कोणी थांबत नाही. हात आपोआप भिंतीकडे जातो.

*

भाऊंच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. भाऊंनी दुसऱ्या शिटीलाच गॅस बंद केला. "डाळ भिजवलेली असली की बाकीचं काम वाफ करते!" हा त्यांचा नियम. नेमक्या त्याच दिवशी भाऊंच्या पत्नी शोभावहिनी गडबडीत डाळ भिजवायला विसरल्या होत्या!

पाहुणे बिचारे मुकाट्यानं वरण चावत होते. भाऊ म्हणाले, "डाळ कच्ची आहे, गॅस म्याच बंद केला. पण चावून खाल्लेलं पचते!"

लग्न ठरलं. जावई अजूनही सांगतो, "दाल खाके ही समझ गया था, इस घर में कोई झूठ नहीं बोलता."

*

मुलगा निखिल नवा रायपूरला राहतो. त्याच्या फ्लॅटमध्ये भाऊ पहिल्यांदा गेले, तर नातू एसी लावून रजईत शिरलेला.

"थंडी वाजून राहिली का तुले?"

"हाँ दादाजी."

"मंग एसी काहून?"

"रजाई के लिए!"

भाऊंनी एसी सव्वीसवर आणला, पंखा लावला, रजई कपाटात ठेवली आणि मला फोन केला. "अहो, हे पोट्टं माह्यापेक्षा हुशार निघालं. याच्यापुढे आपलं काही चालत नाही!" किती वेळ हसत होते. हसता हसता त्यांना जो खोकला लागला, तो फोन ठेवेपर्यंत थांबला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

*

मे महिन्यात भाऊ घरोघरी जाऊन खिडक्या उघडायचे. लोक कुलर लावून दारंखिडक्या घट्ट बंद करतात, मग कुलरच्या नावानं ओरडतात. "अरे, आतल्या हवेले बाहेर जायले रस्ता द्या, तवा नवी आत येईन!"

अशाच एका मे महिन्यात मी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला. म्हणाले, "फेफड़ों में हवा फँस रही है. अंदर की बाहर नहीं निकलती, इसलिए नई नहीं जा पाती."

भाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे खिडकी बंद आहे म्हणा ना!"

डॉक्टर हसले. मला काही हसू आलं नाही.

*

मग घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. रात्रंदिवस चालणारं. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांचे दिवे विझवले, त्याच्या उशाशी ते घरघरत बसलं. भाऊ त्याच्याकडे असे बघायचे, जणू उठायचं नाव न घेणारा पाहुणाच! आम्ही भेटायला गेलो की बटनाकडे हात न्यायचे. "आता तं बसून बोलून राहिलो ना. काहून जाळता?"

एकदा खरंच बंद केलं. ओठ निळे पडले. वहिनींनी धावत येऊन लावलं आणि पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडल्या. "जिंदगीभर तुमचं ऐकलं! हे नाही ऐकणार!"

त्या दिवसापासून वहिनींनी आपली खुर्ची भिंतीवरच्या त्या बटनापुढेच मांडली. भाजी तिथेच निवडायच्या, जेवायच्या तिथेच. भाऊंनीही हार मानली नाही. फ्रिज बंद करायला लावला, टीव्ही बंद, दिवसाचे दिवे बंद. "घरात एकाचं खाणं वाढलं की बाकीच्यांनी कमी खावं." वहिनींनी तेवढं मात्र ऐकलं. सगळं घर गप्प आणि एकटं मशीन बोलतंय, असे ते दिवस होते.

*

त्या सकाळी चहा गाळायच्या आतच, रात्री मुक्कामाला आलेल्या निखिलनं मला हाक मारली. डॉक्टर आले, त्यांनी नाडी बघितली, मशीनचं बटन दाबलं आणि बाहेर गेले. घरघर थांबली. इतकी शांतता त्या घरात कधी नव्हती. मशीनवर बारीक लाल लाइट तेवढा राहिला.

निखिल रडत होता. रडता रडताच त्याचा हात सवयीनं भिंतीवरच्या बटनाकडे गेला.

खुर्चीत बसलेल्या वहिनींनी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे रे," त्या म्हणाल्या. "लाल लाइट आहे अजून."