सही नसलेली नाकं

आई-वडिलांनंतर माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते मी हेल्पर होतो त्या चाकणच्या कंपनीतल्या पेंटरकाकांचे. तुम्ही त्यांच्याशी बोलायला गेला असता, तर त्यांनी तुमच्या डोळ्यांकडे पाहिलंच नसतं. एक डोळा मिटून, अंगठा उभा धरून तुमचं नाक मोजलं असतं. "आदी नाक धरायचं. माणूस मागनं येतो."

कँटीनच्या बोर्डावर दर सोमवारी एक कागद टोचलेला दिसे. कधी सुपरवायझरचं नाक, कधी युनियनच्या पुढाऱ्याचं. एका चित्रात तर मोठ्या साहेबांचं नाक काकांनी कामगाराच्या डब्यात घातलं होतं. खाली सही कधीच नसे. काका कंत्राटी होते. कोण काढतं ते सगळ्यांना ठाऊक, पण नाव कुणी घेत नसे. उतरवलेले कागद मी जपून ठेवी.

पिंपरीच्या रद्दीवाल्याकडून त्यांनी एक जाड इंग्रजी पुस्तक आणलं होतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका राजकीय व्यंगचित्रकाराचं चरित्र. "तू वाच, आमी चित्रं बघतो." चहाच्या सुट्टीत डिक्शनरी घेऊन मी वाचत गेलो. त्यातूनच माझी इंग्रजीची भीती गेली आणि मी पदवीधर झालो. घरातला पहिला.

शेवटच्या प्रकरणात त्या चित्रकाराला म्हातारपणी पुढाऱ्यांनी मेजवानी दिली होती.

"म्हंजे ज्यांची नाकं वढली, त्यांनीच जेवाया घातलं?"

"हो काका."

"तिकडं घालत असत्याल, राव."

मला मात्र ते इथेही खरं होईल असं वाटलं. पदवीवर मला ऑफिसात घेतलं. पहिल्याच खंडेनवमीला, मशिनींना हार घालून झाल्यावर, मी कँटीनमध्ये त्या चित्रांचं प्रदर्शन मांडलं. प्रत्येकाखाली ठळक अक्षरांत काकांचं नाव.

"ह्ये काय केलंस लेका," काका हळूच म्हणाले.

साहेब हसले. काकांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. मला वाटलं, हीच मेजवानी.

पुढच्या महिन्यात काकांचं कंत्राट वाढवलं नाही. मी साहेबांकडे गेलो. "ते कंत्राटदार बघतो," एवढंच म्हणाले.

गेटवर काका म्हणाले, "तुजी चूक न्हाई." पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांकडे बघून.

काळेवाडीची खोली सोडून ते मावळात गावी गेले. फोन बंद. शेवटी पत्र लिहिलं:

"काका, सा. न.

बोर्डावर आता सेफ्टीचं पोस्टर आहे. तुमच्यासाठी तीन कंपन्यांत विचारलं. वय ऐकून 'कळवतो' म्हणतात. सोबत मी काढलेलं तुमचं चित्र पाठवतो. आधी नाकच धरलं होतं. माणूस मागून आला नाही. खाली सही माझी आहे."