गोलकीपरचा नंबर

इथले अनुभव मी दोन वर्षं वाचतेय, पण कधी कमेंटसुद्धा केलेली नाही. खरं सांगायचं तर वाचताना मनातल्या मनात प्रत्येकाचं कारण शोधायचे... झोप झाली नसेल, वायरिंग खराब असेल, कुणीतरी चेष्टा केली असेल. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण या वेळी मला कारण सापडत नाहीये, म्हणून लिहितेय. नावं बदलली आहेत.

आम्ही बडोद्यात मांजलपूरला राहतो — मी, आई आणि बाबा. बाबा मकरपुऱ्याच्या एका कारखान्यातून रिटायर झाले आणि तेव्हापासून सोफ्यावरून उठेनासे झाले. तरुणपणी ते कारखान्याच्या टीममधून फुटबॉल खेळायचे, एवढंच मला माहीत होतं. मॅच लागली की ते चॅनल बदलायचे. का, ते मी कधी विचारलं नाही. आमच्या घरात फारसं कुणी काही विचारत नाही.

गेल्या जानेवारीत इथल्या एका ग्रुपने जिओकॅशिंग ठेवलं होतं. म्हणजे कुणीतरी शहरात छोट्या डब्या लपवतं, तुम्ही फोनवरच्या जीपीएसने त्या शोधायच्या, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबी परत तिथेच ठेवायची. कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणून मला हा प्रकार आवडतो. या वेळचा विषय होता शहरातले जुने फुटबॉल क्लब आणि त्यांचा इतिहास. चौथ्या डबीच्या क्लूमध्ये कारखान्याच्या टीमचा एक जुना फोटो होता. त्यात बाबा होते! बारीक, दाट केसांचे, हातात ग्लोव्हज.

क्लू सोपा होता : गोलकीपरच्या छातीवरचा आकडा जीपीएसच्या आकड्यांतल्या रिकाम्या जागी भरा. मी नऊ भरला. बाबांना काही सांगितलं नाही, मला त्यांना सरप्राइज द्यायचं होतं.

रविवारी सकाळी त्यांना जवळजवळ ओढूनच स्कूटरवर बसवलं.

"एवढं इंजिनियरिंग करून डब्या शोधते माझी पोरगी," बाबा मागून म्हणाले. "आईला सांग, भांड्यांच्या कपाटात भरपूर आहेत."

"बाबा, हेल्मेट घाला."

तरसालीच्या रस्त्याला वळल्यावर त्यांचं बोलणं थांबलं. मग म्हणाले, "इकडे कशाला?"

"फोन सांगतोय."

फोनने आम्हाला एका सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर आणलं. कंपाउंडच्या भिंतीत एक वीट निघालेली होती, तिथे हात घातला तर डबी लगेच मिळाली. साबणाची, प्लॅस्टिकची साधी डबी. आत वही नव्हती, फक्त रेघांच्या कागदाची एक घडी. कागद नवा होता, निळं बॉलपेन. मला गुजराती बोलता येतं, पण मी इंग्लिश मीडियमची, लिपी वाचायला वेळ लागतो. म्हणून न वाचताच तो कागद मी बाबांना दिला. हे मी का केलं, याचा विचार अजून करते.

त्यांनी तो वाचला. परत वाचला. मग तिथेच पडलेल्या विटांवर बसले.

"हे तू लिहिलंस?"

"मला गुजराती लिहिता येतं का, बाबा? काय लिहिलंय?"

त्यांनी कागद माझ्याकडे केला. अक्षर अक्षर लावत मी वाचलं : *शांतू, तारो अवाज नहोतो आव्यो.* तुझा आवाज आला नव्हता.

शांतू म्हणजे बाबा. घरात त्यांना या नावाने कुणीच हाक मारत नाही.

मी ग्रुपच्या निशितभाईंना फोन लावला. ते आधी गोंधळले, मग हसायलाच लागले. "बेन, गोलकीपर नव नंबर? मेच जोई छे कोई दिवस? गोलकीपर तो एक नंबर होय!"

म्हणजे मी कधी मॅच पाहिली आहे की नाही, गोलकीपर तर एक नंबर असतो! फोटो पुन्हा काढून पाहिला. आकडे गुजराती होते. गुजराती एक हा इंग्लिश नऊसारखा दिसतो, आणि मी तो इंग्लिश समजून वाचला होता. खरी डबी मकरपुऱ्यात होती. तरसालीत त्यांनी काहीच ठेवलेलं नव्हतं. फोटोसुद्धा त्यांना रद्दीतल्या एका जुन्या मासिकाच्या अंकात मिळाला होता, त्यातलं कुणीही त्यांच्या ओळखीचं नव्हतं.

"नऊ नंबर हसमुख होता," बाबा म्हणाले.

बाकीचं त्यांनी घरी आल्यावर सांगितलं, दुपारी, आई झोपलेली असताना. त्या प्लॉटच्या जागी तेव्हा ग्राउंड होतं आणि भिंत आहे तिथे गोलपोस्ट. हसमुख त्यांचा स्ट्रायकर, जिगरी दोस्त. समोरच्या टीमला कॉर्नर मिळाला म्हणून तो मदतीला मागे आला होता. बॉल हवेत असताना गोलकीपरने ओरडायचं असतं — 'माझा!' — म्हणजे आपल्या माणसांनी बाजूला व्हायचं. दोघेही बॉलवर गेले आणि आदळले. हसमुखचं डोकं पोस्टवर आपटलं. दोन दिवसांनी तो गेला.

"मी सगळ्यांना सांगितलं, मी ओरडलो होतो. साहेबांना, त्याच्या आईला. तुझ्या आईलासुद्धा. सगळे म्हणाले, हसमुखच मध्ये घुसला."

बाबांनी आई झोपली होती त्या खोलीकडे पाहिलं.

"मी ओरडलो नव्हतो गं. त्याला कळेलच, असं वाटलं मला."

मी कारणं शोधली, शोधत राहिले. टीममधल्या कुणाला संशय असेल आणि त्याने चिठ्ठी ठेवली असेल? बाबा म्हणतात, इतका आरडाओरडा चालला होता की कुणाला कळणं शक्यच नव्हतं, आणि कुणी कधी विचारलंही नाही. बरं, ठेवली असं धरलं... तरी मी एकचा आकडा नऊ वाचणार, हे त्याला कसं कळलं? त्या जागेबद्दल मी कुणाशी बोलले नव्हते. तिथे पोचेपर्यंत ती जागा मलाही माहीत नव्हती.

आणि त्या वाक्याचा अर्थ तरी काय घ्यायचा? तू ओरडलाच नाहीस, की तू ओरडला असशील पण मला ऐकू आलं नाही? दुसरा अर्थ मी बाबांना दोनदा सांगून पाहिला. ते नकारार्थी मान हलवतात. रात्री जेवत नाहीत नीट. आईला वाटतं, बीपी वाढलंय.

हसमुखची बहीण, सविताबेन, अजून तरसालीतच राहतात. त्यांची आई गेली — मुलाचीच चूक होती असं समजून गेली. बाबांना येत्या रविवारी सविताबेनना खरं सांगायचंय. एकट्याने जाववत नाही, म्हणून मला चल म्हणाले. मी हो म्हटलंय.

पण इतक्या वर्षांनी आत्ताच का आलात, असं त्यांनी विचारलं तर? बाबा म्हणाले, ते तू सांग. मी रोज मनात वाक्य जुळवून बघते. अजून एकही असं जुळलं नाही, जे मला स्वतःला खरं वाटेल.