प्रणाली आणि गोळ्यांचा प्रश्न

पंधरा वर्षांची पोरगी मला माझं काम शिकवून गेली. मी ते वेळेत केलं नाही.

आज प्रणालीला जाऊन वर्ष झालं. तिच्या आईला विचारूनच हे लिहितोय.

शेवगावची पोर. आईची किडनी बसवलेली. ती जिथे बसवली त्याच हॉस्पिटलात मी रिसर्चचं काम करतो. ट्रान्सप्लांट झालेली मुलं पुढे किडनी टिकवायच्या गोळ्या का चुकवतात, यावर आमचा स्टडी चाललाय. फॉर्ममधले प्रश्न मुलांनाच दाखवून ठरवायचे, म्हणून एक ग्रुप केला होता. त्यात ही.

पहिल्याच मीटिंगला म्हणाली, "सर, तुमी साखर कारखान्यांच्या कोपरगावचे ना? म्हणून एवढं गोड गोड लिहिता का? सरळ विचारा, गोळ्या टाकून देता का."

मग फॉर्म बाजूला सारला. "आन् आईसमोर विचारू नका. कुनी खरं सांगनार न्हाई."

सगळी पोरं हसली. मीही हसलो. "व्हेरी गुड" म्हणत पॉइंट लिहून घेतला.

फक्त लिहूनच घेतला.

पुढच्या तपासणीला मी तिचा फॉर्म भरत होतो, तर आई शेजारीच. पहाटेची एसटी धरून आलेली, लेकीला स्वतःची किडनी दिलेली बाई. तिला बाहेर बसा कसं म्हणायचं? मला अवघडल्यासारखं झालं.

"गोळ्या वेळेवर घेतेस ना?"

"हो सर."

टिक केली. प्रणाली माझ्याकडे बघतच होती. मी पुढचा प्रश्न विचारला.

चार महिन्यांनी ॲडमिट झाली तेव्हा किडनी गेली होती. परत डायलिसिस. मग इन्फेक्शन.

एकदा आई चहाला खाली गेली तेव्हा म्हणाली, "गोळ्यांनी तोंड सुजायचं सर. शाळेत लई चिडवायचे. मी टाकून द्यायचे. माझं काय झालं तर आईला सांगा. नायतर ती म्हनंल, आपलीच किडनी खराब हुती."

"बरी झालीस की तूच सांग," मी म्हणालो.

आठवड्यात गेली.

पंधरा दिवसांनी शेवगावला तिच्या आईकडे गेलो. ताईंना सगळं सांगितलं. किडनी चांगली होती, हे सांगितलं. मीटिंगमध्ये ती काय म्हणाली होती, तेही सांगितलं.



ताई म्हणाल्या, "मला बाहेर बसा म्हनायचं ना सर. मी बसले असते की."

आता आम्ही मुलांना एकटं विचारतो. दहा मिनिटं आया बाहेर बसतात. कुणीच नाही म्हणत नाही.

प्रणाली, माफ कर पोरी. तुझं ऐकायला मी फार उशीर केला.