एकतीस अंगठे

सकाळच्या मोटारीनं आम्ही लोहारा सोडलं. मांडीवर आठ वर्षांचा हुसेन, पायाशी बांगड्यांची पेटी, टपावर बाकीचा संसार. मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन वर्ष-दोन वर्षंच झाली होती. माझे अब्बा मनेरी. बांगड्या भरायचा आणि विकायचा धंदा त्यांनीच मला शिकवला. ते म्हणायचे, "सौदा मोडून उठलेल्या गिऱ्हाइकाच्या पाठीकडं बघ. वळून बघितलं तर ते तुझं." मोटार हलली आणि मी वळून बघितलं. स्टँडवर निम्मी माणसं ओळखीची होती. कुणी हाक मारली नाही.

ते वळून बघणं मला बारा वर्षं सलतंय. म्हणून हे लिहिते. जे गावात राहिले त्यांनी वाचावं, जे माझ्यासारखे सोलापूरला आले त्यांनीही वाचावं.

हुसेनचे पाय तिसऱ्या वर्षी तापात गेले. गावची शाळा तेव्हा एका माडीवर भरायची. जिना उभा, धरायला कठडा नाही. खालच्या खोलीत शाळा समितीच्या अध्यक्षांच्या भावाची तुरीची पोती असायची. अध्यक्षांचं नाव बाबूराव. सहा महिने मी पोराला पाठीवर घेऊन वर नेलं, पण आठवड्याला तीन गावचे बाजार करणाऱ्या बाईला ते जमेना. बांगड्या भरायला घरोघरी जायची, तेव्हा कळलं की माझ्या एकटीचंच हे दुखणं नाही. माझी मैत्रीण काशी, तिची थोरली पोर पाढे धडाधडा म्हणायची. पण आई रानात गेली की धाकटा भाऊ तिच्या कडेवर, आणि मूल घेऊन शाळेत यायची बंदी. अशा पोरी गल्लोगल्ली होत्या.

उमरग्याच्या कचेरीबाहेर एक म्हातारा अर्जनवीस बसायचा. जन्मभर उर्दूत लिहिलेला, राज्य बदलल्यावर मराठी शिकलेला. त्याच्याकडून मी अर्ज लिहून घेतला. मागण्या दोनच होत्या. शाळा खालच्या खोलीत आणा. आणि धाकट्या भावंडाला घेऊन येणाऱ्या पोरीला वर्गात बसू द्या. अंगठे गोळा करायला मला वेगळं हिंडावं लागलं नाही. बाईचा हात हातात घेतल्याशिवाय बांगडी चढत नाही. मला वाचता येत नव्हतं, अर्जातलं तोंडपाठ सांगायची, बाई व्हय म्हणाली की डाव्या हाताला बांगड्या आणि उजव्याचा अंगठा शाईत. असे एकतीस झाले. पहिला काशीचा. "माज्या पोरीचं बी नाव घाल गं त्यात," म्हणाली होती.

चावडीवर बाबूरावांनी अर्ज हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"हे तर समदे बायकांचे अंगठे. मालकांच्या सह्या कुठं हायत?"

"पोरं बायका सांभाळतात, म्हणून बायकांचे," मी म्हणाले.

"हमीदाबी, निजाम गेल्यावर गावानं तुमाला ऱ्हाऊ दिलं. तेवढं पुरं न्हाय का?"

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. सौद्यात चिडणारा हरतो, हे मला ठाऊक होतं. पण मी म्हणाले, "तुमच्या आईला चुडा माझ्या आईनं भरला. मग ऱ्हाऊ कुणी कुणाला दिलं?"

चावडी हसली, बाबूराव हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकतीस घरच्या मालकांना बोलावलं, बायकांसकट. पहिली काशी उभी राहिली. नवरा शेजारी होता. ती खाली बघत म्हणाली, "हमीदाभाभीनं बांगड्या भराया साबण लावते म्हणून हात धरला. अंगठा कवा उठला, मला कळलंच न्हाय." मग तेच वाक्य एकीमागून एक. मी पुढं होऊन काशीचा हात धरायला गेले तर तिनं तो पदरात घेतला. बाबूरावांनी अर्ज माझ्या पेटीवर टाकला आणि म्हणाले, "चोर पैसा नेतो. हिनं अंगठे नेले."

त्यानंतर गावात एकाही बाईनं माझ्या हातात हात दिला नाही. मनेरणीचं दुसरं भांडवल काय असतं?

सोलापुरात पहाटे गिरणीचा भोंगा झाला की चाळीतल्या बाया लेकरं घेऊन निघायच्या. मी विचारलं, ही कुठं नेता? गिरणीत पाळणाघर आहे म्हणाल्या, कायदाच आहे. त्या दिवशी मी खोलीत येऊन भांडी आपटली. जे मागितलं म्हणून मी चोर ठरले, ते इथं गिरणीच्या भिंतीवर कायदा म्हणून छापून लावलं होतं. म्युनिसिपालिटीची शाळा जमिनीला लागून होती. हुसेन कुबड्या घेऊन जायचा, संध्याकाळी दुकानात मला अक्षरं शिकवायचा. हे मी माझ्या हातानं लिहितेय ते त्यामुळं. दुकान आधी फूटपाथवर होतं, आता पक्क्या गाळ्यात आहे. फिरोजाबादचे बांगड्यांचे व्यापारी माझ्याशी घासाघीस करायला दोन माणसं बरोबर आणतात.

तीन वर्षांमागं कळलं, लोहाऱ्यातली शाळा खाली आली. बाबूरावांचे गुडघे गेले. त्यांना समितीच्या बैठकीला जिना चढवेना, म्हणून तुरीची पोती एका दुपारी हलली. माझ्या पोराच्या पायांसाठी जी खोली नव्हती, ती त्यांच्या गुडघ्यांसाठी रिकामी झाली. त्यांचे गुडघे दुखतात हे ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

यंदा समितीचं पत्र आलं. नवी इमारत बांधतोय, उंच जोत्यावर, आपल्या गावच्या भगिनी म्हणून देणगी द्यावी. भगिनी हा शब्द मी दोनदा वाचला. उत्तर त्याच दिवशी टाकलं. इमारतीचा सगळा दगड माझा, अटी तीन. पायऱ्यांशेजारी उतार बांधा. भावंडं घेऊन येणाऱ्या पोरींना वर्गात घ्या. तिसरी, तो अर्ज माझ्या पेटीत आहे, मी घेऊन येते. बाबूरावांनी तो चावडीपुढं मोठ्यानं वाचावा आणि त्याच बायकांनी दिवसाउजेडी त्यावर पुन्हा अंगठे उठवावेत.

हुसेन म्हणाला, "अम्मी, तू शाळा मागतीस का सूड?"

"दोन्ही. सुटं विकत न्हाय."

समितीनं कळवलं, उतार करू, पोरींना घेऊ, जुनं मात्र उकरू नये. मी लिहिलं, तीन म्हणजे तीन. उतार बांधणं आणि पोरींना घेणं मला न विचारताही जमतं, त्याला माझा दगड लागत नाही.

गेल्या सोमवारी एसटीच्या कंडक्टरनं दुकानात एक घडी केलेला कागद दिला. वहीचं पान. अक्षर एक नाही, मधोमध एक अंगठा. मी पेटीतला अर्ज काढून शेजारी ठेवला. पहिल्याच अंगठ्यावर विळ्याचा तिरका वण आहे, तोच वण या पानावर होता. काशीच्या हाताचा वण मी वीस वर्षं हातात धरलाय. गिऱ्हाईक आलं, त्याला थांब म्हणाले.

काशी, तुला माफ केलेलं नाही. हा अंगठा तू घरात बसून उठवलास. तोच चावडीपुढं उठव, मग तुझा हात हातात घेईन आणि कोपरापर्यंत बांगड्या भरीन. बाकीच्या तीस जणींनाही तेच सांग. मला कुणी विचारतं, तुमचं गाव कोणतं. मी लोहारा सांगते, अजून सोलापूर तोंडात येत नाही. मोटारीतून मी वळून बघितलं होतं, तो सौदा मी मोडलेला नाही. आता वळून बघायची पाळी तुमची आहे, आणि मी तुमच्या पाठीकडं बघत बसलेय.